पांढरीतली माती

शेजारची जुनी भिंत पाडली, आणि पांढऱ्या मातीचा तो कोरडा वास घरात आला. सोलापुरातनं तामलवाडीला लग्न होऊन आले, त्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी माळवदावर, म्हणजे आमच्या मातीच्या छतावर, नवी माती टाकायला सांगितली. "पांढरीतनं आण," म्हणाल्या. पांढरी म्हणजे काय, हे विचारायची लाज वाटली. शेत जवळ होतं. तिथलीच माती टोपल्यांनी वर नेली. दुपारी त्या शिडीनं वर आल्या, चिमूट चोळली आणि मटकन खाली बसल्या. "अगं, ही काळी. वाळली की भेगा पडत्यात, घर गळतंय." मग दोघींनी मिळून सगळी माती खाली उतरवली. मी रडकुंडीला आले, तशी त्यांनी गावाकडं बोट केलं. "घरं पडून, चुलीची राख मिसळून, माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हाऊन माती पांढरी होती. म्हणून गावाला पांढरी म्हणत्यात. थकलेली माती हाय ती. पीक येत न्हाय तिच्यात, पर डोक्यावर घेतली तर पाणी अडवती." आता घरावर स्लॅब आहे. काल सुनेनं विचारलं, "आई, लई दमलाव का?" गुडघे चोळत म्हणाले, "दमले न्हाय बाई, पांढरी झाले."