दुसऱ्याची चटणी

माझी शेंगाचटणी नको म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मला त्याचा राग आला, आणि रागाच्या भरात जे विचारायला हवं होतं ते विचारायचं राहून गेलं.

मी कडक भाकरीचा धंदा करते. नवरा गेला तेव्हा घरात एक तवा होता, आज सहा आहेत. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून पापडासारखी वाळवायची. महिनाभर टिकते. सोबत उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. हे सगळं मी भांडून उभं केलं. ज्वारीवाल्याशी भांडले, सरपणवाल्याशी भांडले, घरमालकाशी तर अजून भांडते. फक्त शहरातल्या दुकानदारांपुढे दरवर्षी हरले. माझी भाकरी घ्यायची, वर आपल्या नावाची पिशवी चढवायची आणि मला भाव पाडून मागायचा. त्यातला एक जण मला म्हणाला होता, "पीठ आन् पाणी, मावशी. त्यात तुमचं काय?" ते बोलणं मी अजून विसरलेले नाही.

लॉकडाऊन लागला आणि हीच दुकानं बंद पडली. खाण्याची वस्तू म्हणून मला पास मिळाला. तो मी स्कूटीच्या पुढे चिकटवला. कामाच्या बायका आपापल्या घरी अडकल्या. मागच्या गल्लीतली एकटी येत राहिली. ती मंगळवेढ्याकडची. ज्वारीच्या रानात वाढलेली असल्यामुळे तिच्या हातून भाकरी फाटत नाही. तिचा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचा. माणूस गरीब स्वभावाचा, पण कित्येक वर्षं गांजा ओढायचा. कारखान्यामागच्या एका चहाच्या टपरीवर त्याला तो मिळायचा. घरी दोन वेळचं नसलं तरी त्याची चिलीम भरलेली असायची.

टपरी बंद झाली. पहिले आठ-दहा दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं. ताटं फेकली, रात्ररात्र येरझाऱ्या घातल्या. नंतर हळूहळू निवळला. एक दिवस ती पीठ मळता मळता म्हणाली, "अक्का, सगळ्या जगाचं वाटुळं झालं, माझं तेवढं भलं झालं बगा. चार भाकरी खातोय आता. परवा लेकीची येणी घातली."

"नीट घातली का?"

"कुटली! वाकडीतिकडी. पर घातली की."

असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. हे टिकावं एवढंच तिला हवं होतं. टपरी उघडायच्या आत त्याची सवय पुरती तुटावी, म्हणून ती रोज देवाला लॉकडाऊन वाढव म्हणायची. मी तिला म्हणायचे, "येडे, आपण उपाशी मरू की!"

त्याच आठवड्यात माझी चटणी नको म्हणणारा तो माणूस आला. तोंडाला रुमाल, मोटरसायकल लांब उभी केलेली, बोलणं अदबीचं. काही लोक मिळून गरजूंना भाकरी वाटणार आहेत, म्हणाला. रोज तीस घरं, आणि भाकरी पोचवायची मीच.

"भाव काय देणार?" मी कंबर कसून विचारलं.

"भाव तुमीच सांगा, काकू."

आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी दुकानदारांच्या दीडपट सांगितला, पोचवायचे पैसे वेगळे. खाली यायची तयारी ठेवूनच सांगितला होता.

"चालंल," तो म्हणाला. "फकस्त चटणी आमची."

"म्हणजे?"

"चटणीच्या पुड्या मी आणून देत जाईन. आईच्या हातची हाय. प्रत्येक पाकिटात एक घालायची."

"माझ्या भाकरीबरोबर दुसऱ्याची चटणी?" माझा आवाज चढला. "माझी खाऊन तर बघा आधी!"

"न्हाई काकू, तेवढं ऐका."

मी बराच वेळ तणतणले. बाजारात वाढलेली बाई मी. जो घासाघीस करत नाही त्याला माल दुसराच हवा असतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण "भाव तुमीच सांगा" हे कानाला फार गोड लागलं होतं.

दहा-बारा दिवस सुरळीत गेले. सकाळी फोनवर पत्त्यांची यादी यायची आणि मी स्कूटीवरून वाटत फिरायची. घरं गरजूंची दिसत नव्हती. दार उघडायचं, हात बाहेर यायचा, दार बंद. एका सकाळी आदल्या दिवशीच्या एका घरावरून गेले तर कट्ट्यावर माझ्या भाकऱ्या पडलेल्या आणि एक गाय त्या खात उभी. पाकीट फोडलेलं. चटणी तेवढी नेलेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं काय आहे त्या चटणीत, की माणसं माझी भाकरी गाईला टाकतात? घरी येऊन मी एक पुडी फोडली. चव बघायला फोडली, दुसरं काही मनात नव्हतं. वर चटणी होती, खवट, लसूण नको तेवढा. त्याखाली आणखी एक छोटी पुडी. तिच्यात दाबून भरलेला हिरवट-तपकिरी पाला.

मी यंत्रमागांच्या गल्लीत वाढले आहे. त्या वासाची मला कुणी ओळख करून द्यायला नको होती.

मागच्या गल्लीतली ती बाहेर मोरीत परात घासत होती. घासण्याचा आवाज येत होता. टपऱ्या बंद होत्या, रस्ते बंद होते, आणि तिला वाटत होतं की त्यामुळे गांजाही बंद आहे. तो माझ्या डिकीत बसून, माझ्या पासावर, दारोदार जात होता.

त्यानंतर मी काय केलं ते लिहायला हात जड होतो. मी ती पुडी पाकिटं बंद करायच्या माझ्याच मशीनवर पुन्हा सील केली. मग त्या माणसाला फोन लावला आणि म्हणाले, "उद्यापासून पोचवायचा दर दुप्पट."

तो हलकेच हसला. "चालंल, काकू."

का वाढवला, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुकानदारांनी मला इतकी वर्षं नागवलं, आता माझी पाळी, असं मी मनाला बजावलं. त्या दुकानदारांचा आणि त्या तीस घरांचा काय संबंध, हे मन मला विचारत होतं.

दोनच दिवसांनी नाक्यावर हवालदाराने अडवलं. रोजचाच तो, ओळखीचा झालेला.

"काय अक्का, आज चटणीबिटणी हाय का न्हाई? घरची भाजी खाऊन तोंडाची चव गेली बगा." असं म्हणत त्याने डिकीतल्या एका पाकिटातली पुडी उचललीसुद्धा.

"ठेवा ती!" मी ओरडले. "गिऱ्हाइकाची हाय ती. तुमची बायको चटणी करत न्हाई व्हय, म्हणून माझ्या पोटावर पाय देताय?" आणि डिकीत वेगळी ठेवलेली माझ्या चटणीची पुडी त्याच्या हातात कोंबली.

तो मोठ्याने हसला. शेजारच्याला म्हणाला, "लई तिखट बाई हाय. सोड, जाऊ दे."

आवाज चढवला की लोक मला खरी समजतात. त्या दिवशी तो आवाज माझ्या कामी आला. पुढच्या वळणावर स्कूटी थांबवून मी डिकी नीट लागली आहे का ते दोनदा पाहिलं. मग उरलेली घरं केली.

मग एका सकाळी यादीत शेवटचा पत्ता आला: पिठाच्या गिरणीमागं, निळं दार. ते दार मला माहीत होतं. माझ्या घराचा उरलेला निळा रंग मीच तिला दिला होता. ती त्या वेळी माझ्याकडे तव्यावर होती.

तिच्या नवऱ्यानेच दार उघडलं. मला बघून मागे सरकला.

"अक्का, तुमी?"

"तिनं इतकं सोसलं, आता कुठं हसायला लागली," मी म्हणाले. "लाज न्हाई वाटत?"

"वाटती की," तो म्हणाला. माझ्या पिशवीकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "तुमाला?"

मी पाकीट त्याच्या हातात दिलं. नसतं दिलं तरी त्याने दुसरीकडून मिळवलं असतं, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. खरं एवढंच, की त्याच्या त्या शब्दानंतर मला तिथे उभं राहवत नव्हतं आणि पाकीट देणं हा निघायचा सगळ्यात जवळचा रस्ता होता.

"हिला सांगू नगा," तो मागून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला काम बंद म्हणून सांगितलं. त्याने तेव्हाही घासाघीस केली नाही. आठवडाभरात एक दूधवाला त्याच घरांसमोर थांबताना दिसला; हात बाहेर यायचा, दार बंद.

तिच्या घरी पाकीट दिल्याच्या तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापता थापता थांबली. "अक्का, पुन्ना सुरू झालं ह्यांचं. सगळं बंद हाय, पोलीस उभं हाईत, मग घावतंय कुटनं?"

"कोण जाणे," मी म्हणाले.

"आन् तुमी घरी भाकरी पाठवलीसा, मला बोलला बी न्हाईसा. पोरीनं लई गोड मानून खाल्ली." तिने पदराने डोळे पुसले. "तुमच्यासारकं माणूस मिळायला नशीब लागतं."

मी उठून चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं.

या गोष्टीला काही वर्षं झाली. तिच्या नवऱ्याने मधे दोनदा गांजा सोडला आणि पुन्हा धरला. ह्या सुगीला ती म्हणाली, चार दिवस सुट्टी द्या, ह्यांना बहिणीच्या रानात ज्वारी काढायला घेऊन जाते, तितं काय मिळत न्हाई. माझ्याकडे लग्नाच्या ऑर्डरी होत्या. एरवी मी आभाळ खाली आणलं असतं.

"जा," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "भांडला न्हाईसा? बरं न्हाई वाटत का काय?"

मग मी भांडले. चार म्हणजे चारच, पाचव्या दिवशी तवा दुसरीला देईन, असं काय काय बोलले. तिला बरं वाटलं. हसत हसत तिने भाकरी बांधून घेतली आणि उखळातली चटणी घ्यायला वाकली. तो दारात पिशवी धरून उभा होता. इतका वेळ मान वर केली नव्हती.

"चटणी नगं, अक्का," तो मला म्हणाला. "भाकरी तेवढी द्या."

"बगा की," ती म्हणाली, "कवापासनं चटणीला हातच लावत न्हाईत. काय झालंय कुणास ठावं."

तो माझ्याकडे बघत होता. मी उखळावर झाकण ठेवलं.