लाउडस्पीकरवरची बाई

बसस्थानकातले ड्रायव्हर-कंडक्टर तिला मैना म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिच्या कानावर आलंच होतं. बावीस वर्षं ती चौकशी खिडकीमागच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होती. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका गाडीचा फलाट ऐन वेळी बदलला, तिने घाईघाईत चढ्या आवाजात सांगून टाकलं आणि लोक असे धावत सुटले, की एका बाईचा पाय मोडला. तेव्हाच्या साहेबांनी तिला समोर बसवून बजावलं, "हे बघ, उद्या गाडी दरीत कोसळली, तरी तू ती थोडी उशिरा आहे असंच सांगायचं." तेव्हापासून तिने आवाजाला जी इस्त्री मारली ती कायमची. गाडी दोन तास रखडली, तरी ती अशा काही लाघवी सुरात सांगे, की चिडलेली माणसं पुन्हा बाकावर टेकत. वर "बाई बोलते छान हो," असंही म्हणत.

आता गोडवा म्हणजे काही न आटणारी विहीर नव्हे. आठ तास परक्यांना वाटल्यावर घरी न्यायला उरायचं काय? कपाळ! घरी वडील होते. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेला माणूस आता स्वतःच्या शर्टाची बटणं लावायला अर्धा तास घ्यायचा, आणि लावून झाली की पुन्हा काढायचा. तिचा तोल जाई. "बाबा, किती वेळा सांगू! बहिरे झालात का?" ती भिंती हादरतील अशी ओरडायची, मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाऊ परगावी; त्याची माया सगळी फोनवरची. शेजारच्या काकूंनी वर्षभर दुपारचं लक्ष ठेवलं, पण गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनीही हात टेकले. तेव्हापासून ती वडिलांना सोबत आणून काचेच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवू लागली. हल्लीच्या साहेबांनी कानाडोळा केला. घरी क्षणभर स्वस्थ न बसणारा म्हातारा तिथे मात्र शहाण्यासारखा बसायचा.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिने लागोपाठ तीन गाड्या पुकारल्या, वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

बाबांकडे फोन नव्हता. पत्त्याची चिठ्ठी खिशात ठेवीन ठेवीन म्हणता राहूनच गेली होती, आणि नाव विचारलं तर ते नुसते हसत. सव्वाचारला चार लांब पल्ल्याच्या गाड्या सुटायच्या होत्या. त्यातल्या एकीत चढले, तर त्यांना शोधायचं कुठे?

तिने माइकचं बटण दाबलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. करडा सदरा घातलेले एक वृद्ध गृहस्थ..." बोलता बोलताच तिने काचेतून पाहिलं. एकही मान वर झाली नव्हती. कोणी फोनमध्ये, कोणी बॅगेवर डोकं टेकून. तोच सूर, तोच भोंगा, तेच पत्र्याचं छप्पर. त्यांच्या लेखी आणखी एक गाडी उशिरा होती, एवढंच. बावीस वर्षं तिनेच त्यांना बसून राहायला शिकवलं होतं.

ती धावत बाहेर आली. "अहो, माझे बाबा हरवलेत! कोणी पाहिलं का हो?"

लोक दोन पावलं मागे सरले. एकाने पिशवी पोटाशी धरली. "घरचं भांडण असेल," एक बाई दुसरीला म्हणाली. काचेआडून बोलली की ती बसस्थानक असायची. बाहेर आली की केस सुटलेली, घामाने निथळणारी कोणीतरी. एका भल्या माणसाने तेवढा सल्ला दिला, "ताई, इथे ओरडून काय होणार? चौकशीला जा ना. तिथली बाई पुकारते."

आणि तेवढ्यात तिला बाबा दिसले. लोखंडी कठड्यापलीकडे, चार नंबरच्या गाडीत, खिडकीशी.

"बाबा! खाली उतरा! ऐका ना, बाबा!" जिवाच्या आकांताने तिचा घरचा आवाज फुटला. बाबांनी दचकून पाहिलं आणि दोन्ही हातांनी खिडकीची काच ओढून घेतली. कंडक्टरने घंटी दिली.

कठड्याला वळसा घालेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली असती. खोली दहा पावलांवर होती. ड्रायव्हरला ओरडून सांगावं, तर ओरडणाऱ्या बाईचं काय होतं ते तिने आत्ताच पाहिलं होतं. ती परत खोलीत धावली आणि तिने माइकचं बटण दाबलं.

"फलाट क्रमांक चारवरून सुटणारी गाडी तांत्रिक कारणामुळे रद्द करण्यात आली आहे. सर्व प्रवाशांनी कृपया सामानासह खाली उतरावे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आवाज तसूभर हलला नाही. इंजिन बंद झालं. चाळीसेक माणसं कुरकुरत, पण मुकाट एकामागोमाग उतरू लागली. त्यांच्यात बाबाही.

"रद्द? कोणी केली रद्द?" साहेब दारात उभे होते. ती त्यांच्या बाजूने निसटून पळाली. नोकरी गेली तर गेली.

बाबा एका धिप्पाड प्रवाशाशेजारी उभे होते. "बाबा, कुठे निघाला होता तुम्ही?" तिने धापा टाकत विचारलं. त्यांनी त्या प्रवाशाचा शर्ट पकडला आणि ते त्याच्या आडोशाला सरकले. ती थांबली. दोन श्वास घेतले, आणि माइकवर लावायची तो सूर लावला. "आपल्याला कुठे जायचं आहे?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मुलीकडे. ती इथेच बोलत असते, म्हणजे जवळपासच राहत असणार. फार गोड बोलते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "घरी एक बाई आहे, ती ओरडते हो. मला तिच्याकडे पाठवू नका."

"मीच ती, बाबा," ती म्हणाली. पण म्हणता म्हणता हुंदका फुटला, आवाज चिरकला, आणि म्हातारा पुन्हा त्या माणसाच्या पाठीमागे लपला.