सिंगापूरचा रोजचा खर्च

लेक लग्न होऊन सिंगापूरला गेली, त्याला चार वर्षं झाली. तिचं घर आम्ही फक्त फोनवर पाहिलेलं. तेही तिच्या पाठीमागची भिंत आणि पडदा. यंदा आमच्या ह्यांनी ठरवलं, पंधरा दिवस जाऊन यायचं. हे जळकोटच्या शाळेत कारकून होते. निवृत्त झाल्यापासून आम्ही लातुरात राहतो. पण कारकुनी हाडात मुरलेली. पासपोर्ट हातात येण्याआधीच रोजचा खर्च मांडून बसले.

बस-मेट्रो एवढं, चहापाणी एवढं, एक दिवस प्राणी बघायला. तिथं पाण्याची बाटली केवढ्याला मिळते ते ऐकून म्हणाले, "घरूनच पोटभर पिऊन निघू." जेवणाचा आकडा नव्हता, कारण धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीची डाळ मी नेणारच होते. शिवाय रोजचे वीस डॉलर 'लेकीच्या हातावर'. लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये, एवढं आम्हालाही कळतं. राहण्याचा खर्च मात्र कुठेच नव्हता. पोरीच्या गावाला जाऊन माणूस आणखी कुठे राहील?

ह्यांनी हिशोब तिला फोनवर वाचून दाखवला. लेकीनं तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "बाबा, हॉटेलचं किती धरलंय? तुमच्या जावयांना घरात कुणी राहिलेलं चालत नाही. जवळचंच बघून देते ना मी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मात्र शांत. "तिकडं घरं ल्हान असतेत," म्हणाले आणि पुन्हा मांडायला बसले. हॉटेलात डाळ कुठे शिजवणार? म्हणजे जेवणही आलं. पंधराचे पाच दिवस झाले. लेकीच्या हातावरचे वीस डॉलर तेवढे तसेच ठेवले.

मला ते बघवेना. गच्चीवर जाऊन लेकीला फोन लावला आणि थाप मारली, "बाळा, बाबांचा गुडघा लई दुखायलाय. यंदा जमंल असं वाटत न्हाई." मला वाटलं, ती हट्ट धरेल, नवऱ्याशी भांडेल, निदान एकदा तरी 'या ना' म्हणेल. तेवढ्यावर मी हॉटेलात काय, फुटपाथवरही राहिले असते.

ती पटकन म्हणाली, "मग तिकिटं नका काढू, आई." आवाज एकदम मोकळा झाला होता तिचा. पोटची पोर आहे, मला कळतं.

फोन हातात घेऊनच खाली आले. ह्यांनी मान वर करून विचारलं, "काय म्हनली?"

खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे बघून जीभ रेटेना. "म्हनली, बाबांशिवाय करमत न्हाई."

हे हसले. कितीतरी दिवसांनी असे हसले. "मग पाच कशाला, सहा दिवस धरू की," म्हणाले. "मी रातचं न्हाई जेवलो तरी चालतंय." आणि बेरीज पहिल्यापासून करायला घेतली.