फॅरनहाइटचा नळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे नुसतं सांगतानाही मला अजून दमायला होतं!

आमचे दत्ताकाका आणि सुमनकाकू अमेरिकेत, उत्तरेकडच्या नेपरव्हिलला असतात. काका रिटायर्ड डॉक्टर. बर्फाला कंटाळून दोघं हिवाळ्यात आमच्याकडे, वाळवंटातल्या चँडलरला आले, जरा उन्हात बसायला. आणि मी काय करावं? त्यांना गाडीत घालून मेक्सिकोतल्या क्रीलला नेलं! मेक्सिको म्हणजे गरमच असणार ना? फोटोत डोंगर दिसत होते, पण उंची कोण बघतो!

दोन दिवस ड्राइव्ह करून पोचलो तेव्हा कमरेचे तुकडे पडले होते आणि बाहेर बर्फ भुरभुरत होता. काका गाडीतून उतरले, वर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "अरे, हे तर आमच्या अंगणातही मिळतं."

लॉजवर चौघांत मिळून एक मोठी खोली, एक बाथरूम. सकाळी बघतो तर शॉवरखाली दोन नळ. एकावर C, एकावर F.

"C म्हणजे कोल्ड," मी जाहीर केलं.

"आणि F?" मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

"फॅरनहाइट! म्हणजे गरम."

इतकी वर्षं सेमीकंडक्टरमध्ये घासलेला माणूस मी. शंका कोण घेणार?

F सोडला. पाणी असं, की बोटं आहेत की गेली ते कळेना! "पाइप लांब असेल, वेळ लागेल," म्हणून धो धो वाहू दिला. पाणी आणखीच गार!

"C ट्राय करू या का?"

"मेधा, प्लीज! न्यूमोनिया हवाय का?"

खोलीत कॉफीचं मशीन होतं. मग काय, त्यात मगामगाने पाणी तापवून कचऱ्याच्या डब्यात साठवायला लागलो. डबा घासून घेतला होता हो, तोंड नका वाकडं करू! वरचा मग ओतेपर्यंत खालचं पाणी गार. काकांनी त्यातच उरकलं. बाहेर आले तर अंगाला कॉफीचा घमघमाट.

"साखर राहिली रे," काका म्हणाले.

काकू मात्र निवांत. "माझं पहाटेच झालं." या थंडीत, या वयात! मी मनातल्या मनात हात जोडले.

दहाव्या-बाराव्या मगाला माझी सटकली. फोनवर भाषांतर लावून लॉजच्या मालकीणबाईंना सुनावलं, म्हातारी माणसं आहेत, गरम पाणी नाही, हे काय चाललंय? बिचाऱ्या शाल सावरत वर आल्या. मशीनकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. मग गुपचूप C सोडला.

वाफ! आरसा धुरकटला!

"कालिएन्ते," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या भाषेत C म्हणजे गरम. आणि F म्हणजे 'फ्रिआ'. गार!

मी काकूंकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"दोन्ही नळ सोडून बघितले. हात असतो ना माणसाला!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढं सायन्स सांगत होतास. म्हटलं, पोराचा उत्साह कशाला मोडा!"

भांडायचंही त्राण नव्हतं. आम्ही बाहेर पडलो.

दुपारी परत येतो तर C वर लाल खडूने कागदावर काढलेला सूर्य चिकटवलेला. F वर निळा स्नोमॅन, हसरा.

"किती छान! सगळ्याच पाहुण्यांसाठी करत असतील," मी म्हणालो.

शेजारची खोली साफसफाईसाठी उघडी होती. मेधा डोकावून आली.

"नाही यार. फक्त आपल्याच नळांवर आहे."