वहीआडचा फासा

ऐंशीनंतरची ती वर्षं. तुर्भ्याच्या एका कारखान्यात आम्ही चौघं अप्रेंटिस होतो आणि दर रविवारी एक खेळ खेळायचो. जहाजावर असलेल्या कुणाच्या तरी भावाने त्याचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं, निम्मी पानं गायब. एकाने गोष्ट रचून सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं होऊन वागायचं. लढाईत कोण जगणार ते ल्युडोचा फासा ठरवी. एक पडला की मेला. सांगणारा मी. उभ्या धरलेल्या वहीआड मी फासा टाकायचो, तो फक्त मला दिसायचा.

वहीच्या पानावर मधोमध रेघ असे. डावीकडे गोष्ट, उजवीकडे मारामारी. दोन्ही बाजू सारख्या भराव्यात, एवढंच मला कळत होतं.

आमच्यातला एक मोरा बंदरावरच्या कोळीवाड्यातला. त्याचा बाप तीन वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला, तो परतला नव्हता. प्रेतही मिळालं नव्हतं. त्यांच्या घरात 'मेला' हा शब्द चालत नसे; 'आला नाय' एवढंच म्हणत. खेळात त्याने नावाडी घेतला आणि त्याला बापाचं नाव दिलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मारामारी कमी ठेव. याला घरी न्यायचा हाय."

मी हो म्हटलं.

शेवटचा खेळ त्याच्याच घरी होता, दुपारी. त्याची आई ओटीवर सुकट निवडत होती. गोष्टीतला नावाडी धक्क्याजवळ आला होता. बाकीचे दोघं कंटाळले होते.

"हा काय लाँचची तिकिटं फाडतोय काय? किती वेळ?"

"एक तरी मरू दे रे. टेन्शनच नाही काही."

माझी उजवी बाजू रिकामीच होती. मी धक्क्यावर चाचे आणले. नावाड्यासाठी फासा टाकला. चार पडले.

"एक," मी म्हणालो. मग नावाड्याला दिलेलं नाव घेऊन मोठ्यांदा सांगितलं, "मेला."

ओटीवरचा सुपाचा आवाज थांबला. ती दारात आली. कपाळाला ठसठशीत कुंकू.

"कवा गावला?" तिने मला विचारलं. "कोनी सांगला?"

"आये, खेल हाय तो. खोटा हाय," तो म्हणाला.

ती माझ्याकडेच बघत राहिली. चार पडलेत, माझं चुकलं, एवढं म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी वही मिटली. फासा आत दबला.

सोमवारी तो माझ्या शेजारच्या लेथवर उभा राहिला. मशीन चालू केलं. मग मान वर न करता म्हणाला, "आयनी कुंकू पुसला."

"अरे, पण खेळ होता तो..."

"तिला म्हाईत हाय. म्हनते, तीन वर्सं तो शब्द कोनाच्या तोंडातून निघत नव्हता, शेवटी निघाला."

त्याने मशीन बंद केलं.

"फासा एकच पडलेला ना?"

तेव्हाही सांगता आलं असतं.

"एकच," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.