नांदगावहून पाच-नऊ

बायको, कुसाबाई, गेली तेव्हा लोक म्हणाले, "सावळीराम काय खंबीर माणूस आहे!" कसला खंबीर न् कसलं काय! त्याला काही वाटतच नव्हतं. दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना, भावकी तोंडं लांब करून ताटकळली होती, कोणीतरी कानाशी लागून म्हणालं, "मनातलं काही राहिलं असेल तर कबूल करा." सावळीराम "हो, करतो" म्हणाला आणि समोरच्या विजेच्या खांबावरचा तडकलेला चिनीमातीचा इन्सुलेटर बघत राहिला. हा बदलायला हवा, एवढंच त्याच्या मनात होतं.

मुलगा महेश पुण्याहून आला, तेरावं उरकून गेला. "बाबा, तिकडे चला" म्हणाला. सावळीराम म्हणाला, "बघू." मग नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्या दोन खोल्यांत तो एकटा राहिला. चहाला चव नव्हती, पण तो चहा पीत होता. भाजीत मीठ नाही हे त्याला ताट धुताना कळायचं. २००४ साल होतं, सातपूरच्या कारखान्यातली पॅनेल फिटरची नोकरी संपून दोन वर्षं झाली होती, म्हणजे जायलाही कुठे नव्हतं.

एकच ठिकाण होतं. रोज सकाळी नऊला तो मागच्या खोलीत हॅम रेडिओसमोर बसायचा आणि नांदगावच्या हिरामण बोरसेशी बोलायचा.

हा रेडिओ गाणी ऐकायचा नव्हे. सरकारकडे परीक्षा द्यायची, लायसन काढायचं, मग घरून आपल्या आवाजात जगाशी बोलायचं, असला तो छंद. सावळीरामनं नव्वदच्या सुरुवातीला ती परीक्षा मुंबईला जाऊन दिली, आणि शेजारच्या बाकावर हा हिरामण बसला होता, रेल्वेच्या सिग्नल खात्यातला. दोघं पास झाले. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा अख्ख्या गल्लीला वाटलं, या सावळीराम खैरनारांनी काहीतरी भानगड केली. कुसाबाईनं त्या पोलिसाला पोहे खायला घातले आणि वर सुनावलं, "यांना वायरींशिवाय काही सुचत नाही, हे काय गुन्हा करतील!"

तेव्हापासून दोघांचं बोलणं सुरू झालं, ते थांबलंच नाही. दोघांचे सेट घरी बांधलेले, आवाजाचं बळ दाखवणारा काटा हिरामणच्या सेटवर नव्हता. तो कानानंच सांगायचा, तू कसा येतोस. त्याची या लोकांत रीत असते. पहिला आकडा बोलणं किती समजतं त्याचा, पाचपैकी. दुसरा आवाज किती जोरात त्याचा, नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे समोर बसून बोलल्यासारखं. आणि यात खोटं बोलायचं नाही, हा धर्म. चुकीचा आकडा सांगितला तर पुढचा माणूस आपलं मशीन सुधारणार कसा?

कुसाबाई गेल्यावर महिनाभरात हिरामणचे आकडे उतरायला लागले. "सावळीराम, आज पाच-सात येऊ राहिला गड्या." मग पाच-पाच. मग एक दिवस चार-तीन. "किरकिरच लय हाय. तू काय म्हणतो काय समजत नाय."

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? म्हटलं असतं, बाबा रे, कान दाखव. पण या जमातीचं डोकं तिकडे जात नाही. सावळीरामनं आधी गच्चीवरची एरियलची तार उतरवून घासली. मग केबल बदलली. मग हिशोब घातला की सूर्यावरचे डाग कमी होत चाललेत, त्यामुळे लाटा वरून परतत नाहीत. अहो, त्यानं सूर्याला दोष दिला, पण हिरामणच्या कानांचा संशय घेतला नाही. आणि शेवटी ठरवलं, ताकद वाढवायची. मोठा ॲम्प्लिफायर बांधायचा, इथला आवाज नांदगावात खणखणीत पोचलाच पाहिजे.

का, ते त्याला नीट कळत होतं. त्याला हिरामणला काहीतरी सांगायचं होतं. महेशला सांगता येत नव्हतं, त्याला उगाच घोर लागला असता. नातेवाइकांना सांगितलं असतं तर त्यांनी कोणत्या तरी महाराजांकडे नेलं असतं. हिरामणला मात्र सांगता आलं असतं. फोन करून पाहिला, पण फोन नेहमी त्याची सून मोहिनी उचलायची. "बाबा मळ्यात गेलेत काका," नाहीतर "बाबा आत्ताच झोपले." आणि जे सांगायचं ते चार-तीनवर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

झालं, हात धुऊन मागे लागला. भद्रकालीतल्या ट्रंकवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी वाकवून आणली. एटओसेव्हन जातीचे चार जुने व्हॉल्व, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे, त्याच्याकडे कापसात गुंडाळून ठेवलेले होतेच. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, थराथराला कागद घालून, दुपारच्या दुपारी. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची नळी आणली आणि ती पीव्हीसी पाइपवर गुंडाळून कॉइल केली. जुन्या रेडिओचा पाकळ्यांचा कंडेन्सर लावला तर त्यात ठिणग्या उडाल्या, म्हणून एक सोडून एक पाकळी उपटून काढली, म्हणजे मधली फट वाढली.

यात हजार व्होल्ट खेळतात. चालू मशीनमध्ये हात घालायची वेळ आली तर डावा हात पँटच्या खिशात ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून जायला नको, ही यांची शिस्त. बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात, ते लाकडी दांडीला बांधलेल्या वायरीनं अर्थिंग देऊन रिकामे करायचे, फाट्कन आवाज होतो. सावळीराम हे सगळं बिनचूक करत होता. भीती वाटत होती म्हणून नव्हे, सवय म्हणून. एकदा सोल्डरिंगचं तापलेलं टोक बोटाला लागलं, तर त्याला आधी वास आला. कातडी जळाल्याचा. मग त्यानं बोट उचललं, नळाखाली धरलं, आणि परत येऊन तोच सांधा पुरा केला. दुखलं असणार, पण ते दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं.

चाचणीसाठी त्यानं तारेच्या जागी घरातला साधा बल्ब जोडला. माईकमध्ये बोललं की बल्ब पेटायला हवा, जेवढा आवाज मोठा तेवढा उजेड. पण झालं भलतंच. कोणी बोललं नाही तरी बल्ब भगभगून पेटला आणि व्हॉल्वच्या आतला पत्रा लालबुंद झाला. मशीन आपलं आपणच बोंबलत होतं. या अवलादीचा हा जुना रोग. आठवडाभर डोक्याला ताप देऊन, प्रत्येक व्हॉल्वच्या डोक्यावर रेझिस्टरवर गुंडाळलेली छोटी कॉइल बसवल्यावर ते गप्प झालं. मग तो "हॅलो" म्हणाला आणि बल्ब हॅलोपुरता उजळून विझला. दुसरा कोणी असता तर नाचला असता. सावळीरामनं स्विच बंद केला आणि भात लावला.

दुसऱ्या दिवशी नऊला नांदगावहून हिरामणचा आवाज आला तो आनंदानं ओरडतच. "अरे सावळीराम! पाच-नऊ! पाच-नऊ रे गड्या! काय केलं काय तू?"

त्यानंतर सावळीराम बोलू लागला. एकदम नाही, हळूहळू. की मला काही होत नाही हिरामण. झोप लागते, भूक लागते, पण मी त्यात नसतो. लोक तिच्याबद्दल बोलतात तेव्हा मी पंख्याकडे बघतो. माणसानं इतकं कोरडं असावं का? मला स्वतःची लाज वाटते रे. हे सगळं तो पाचेक मिनिटं बोलायचा, "ओव्हर" म्हणायचा, आणि मग हिरामण बोलायचा. "होतं गड्या असं. जेवत जा वेळेवर. आमच्याकडं आज ढग आलेत." मोजकं बोलायचा, पण सावळीरामला तेवढं पुरत होतं.

एवढ्या ताकदीच्या मशीनचा एक दुर्गुण असतो, ते शेजारच्या टीव्हीत घुसतं. समोरच्या उज्ज्वलावहिनी एकदा तणतणत भांडायला निघाल्या होत्या, की आमच्या सिरियलमध्ये तुमचा आवाज येतो. दारापर्यंत आल्या आणि तशाच मागे फिरल्या. टीव्हीतून त्यांनी काय ऐकलं होतं कुणास ठाऊक. त्या दिवसापासून संध्याकाळी त्यांच्याकडून भाजीचा डबा यायला लागला, आणि टीव्हीचं नाव त्यांनी परत काढलं नाही. एकदा जबलपूरचा कोणी अनोळखी माणूस मध्येच येऊन "दादा, आप ठीक तो हैं ना?" असं विचारून गेला. मशीन काम करत होतं यात शंका नव्हती.

मग फाल्गुनातली ती सकाळ. सावळीराम माईकवर म्हणाला, "हिरामण, मला आता कंटाळा आलाय. रोज उठतो कशाला तेच कळत नाही. उद्यापासून हे मशीनही लावू नये असं वाटतं. तू सांग, लावू का नको?" आणि ओव्हर म्हणून थांबला.

नांदगावहून आवाज आला, "झकास! पाच-नऊ येऊ राहिला. इकडं कांद्याची काढणी चालू हाय. असंच चालू दे."

सावळीरामनं स्विच बंद केला. त्याला राग आला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं, ते हे. झकास म्हणतो? मी काय सांगतोय आणि हा कांदे काढतोय? जोडीदार म्हणून ज्याच्यापुढे मन मोकळं केलं, त्याला एवढीच किंमत! दुसऱ्या दिवशी पहाटेच तो नाशिकरोडला गाडीत बसला. तोंडावर चार गोष्टी सुनावायच्या आणि संबंध तोडून परत यायचं, असं ठरवून.

नांदगावला घर सापडलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. मोहिनी अंगणात धुणं वाळत घालत होती. त्याला पाहून तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "काका! तुम्ही इथं? मग आज रेडिओवर...?" आणि तिचा चेहरा उतरला.

आतून हिरामणचा आवाज येत होता. सावळीराम दारात जाऊन उभा राहिला. हिरामण पाठमोरा टेबलाशी बसला होता. सेट चालू होता आणि त्यातून नुसती खरखर येत होती. येणारच कुठून दुसरं काही? बोलणारा माणूस दारात उभा होता.

"पाच-नऊ सावळीराम," हिरामण माईकमध्ये म्हणाला. "एकदम खणखणीत. ऐकलं सगळं गड्या. तू जेवतो ना नीट? मोहिनीनं कुरडया केल्यात, तुझ्यासाठी ठेवते म्हणली. बोल आता तू. ओव्हर."

त्यानं माईक खाली ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शांत बसला.

"त्यांना ऐकू येत नाही काका," मोहिनी मागून म्हणाली. दबकून बोलायची गरज नव्हती, ती सरळ बोलली. "तुमचं मोठं मशीन लागलं तेव्हा पंधरावीस दिवस येत होतं. किती खूश होते! मग तेही गेलं. डॉक्टर म्हणाले, आता काही व्हायचं नाही. मी म्हटलं, काकांना कळवू या. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, त्यानं माझ्यासाठी एवढं मशीन बांधलं, त्याला बोलायला तेवढीच एक जागा हाय, ती बंद करू नको. रोज घड्याळ बघून बोलतात. तुम्ही साधारण किती वेळ बोलता ते त्यांना माहीत आहे."

सगळ्या इंदिरानगरानं ऐकलं होतं, जबलपूरनं ऐकलं होतं. ज्याच्यासाठी तांबं गुंडाळलं त्याच्यापर्यंत त्या पंधरावीस दिवसांनंतर एक शब्द पोचला नव्हता. आणि तरी हा माणूस रोज बरोब्बर नऊला बसत होता, आयुष्यात कधी खोटा आकडा न सांगितलेला, आणि नुसत्या खरखरीला पाच-नऊ देत होता.

मोहिनी सासऱ्याच्या खांद्याला हात लावायला पुढे झाली. सावळीरामनं तिला हातानं थांबवलं. तो आत गेला आणि हिरामणच्या पाठीमागे खाटेवर बसला. पाळी त्याची होती.

"हिरामण," तो म्हणाला, "कुसा गेली रे."

एवढे महिने तो चहाबद्दल बोलला होता, झोपेबद्दल, पंख्याबद्दल. हे वाक्य त्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं. "कुसा गेली. मला सोडून गेली रे हिरामण," तो परत म्हणाला. आणि तो म्हातारा माणूस गुडघ्यांवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागला, मोठ्यानं, लाज न बाळगता. दारात मोहिनीनं पदर तोंडाला लावला.

हिरामण पाठमोराच होता. त्यानं घड्याळाचा काटा सरकलेला पाहिला, सावळीरामचं बोलून झालं असेल असा अंदाज केला, आणि माईक उचलला.

"रॉजर सावळीराम," तो म्हणाला. "पोचलं बरं का. मी हाय इथं. बोल तू."