आनंदाबाईचा ताप

लाखनीकडच्या त्या गावात धानाची रोपं लावायचा रोवणा लागला का बायांची टोळी आनंदाबाईच्या शब्दाबाहेर जात नसे. आज कोणाच्या बांधीत उतरायचं, शिदोरी कधी सोडायची, सारं तीच ठरवे.

तिचा डावा पाय मात्र दोन सालांपासून तिचं ऐकत नव्हता. आधी सांजच्याला चढलेली, अंगठ्यानं दाबली का खळगा पडणारी सूज सकाळी उतरे. औंदा उतरेनाशी झाली, तसा तिनं लुगड्याचा काठ खाली सोडला. मायचा पाय असाच मुसळाएवढा झालेला तिनं पाहिला होता. म्हातारी मग अंगणाबाहेर निघालीच नाही.

आशाचं काम करणारी रुचिता दरसालासारखी हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन बांधीच्या कडेला धुऱ्यावर आली. दरसाल बाया "जेवून खातो" म्हणत गोळ्या पदरात बांधत, अन् गाठीतल्या गोळ्या बांधीच्या चिखलात विरघळून जात. रोवण्यात गोळीचा ताप नाही पाहिजे, हा कायदा आनंदाबाईचाच. औंदा तिनं भात खाल्ला अन् सगळ्यांदेखत गोळ्या घेतल्या.

टोळीत आलेली गावातली नवी सून कामिनी हसली. "बाई, तुम्ही उद्या धड उठल्या त आमी खातो."

सांजेलाच आनंदाबाई ओकली. जांघेत गाठ आली, अंग फणफणलं. सकाळी टोळी तिच्याविना बांधीत उतरली.

रुचितानं तापाची गोळी दिली. असं होऊ शकतं हे तिनं आधीच सांगितलं होतं. "मावशी, रक्तातले जंतू मरून राहिले. ज्याच्या अंगात असतात त्यालेच हा ताप जास्त येते. ताप जाईन दोन दिवसांत."

"अन् पाय?"

"चढलेला पाय गोळीनं पुरता उतरत नाही. रोज धुवा, कोरडा ठेवा. पण दरसाल गोळी खाल्ली त मच्छर तुमच्यातले जंतू दुसऱ्याले नेणार नाही."

ताप गेला तशी आनंदाबाई बांधीवर गेली अन् आयुष्यात पहिल्यांदा तिनं चारचौघींत लुगडं वर केलं. "हा पाहा पाय. ताप गोळीचा नव्हता, माह्या अंगातल्या किड्यायचा होता. आज गोळ्या खा साऱ्याजणी."

बाया वाकून रोवत राहिल्या. शेवटी कामिनीच म्हणाली, "तुमाले पाहूनच त भेव लागते, बाई. रोवणा होऊ द्या."

ते आनंदाबाईचंच बोलणं होतं, इतक्या सालांचं.

दुपारी कामिनी धुऱ्यावर पाय धुवायला बसली. पैंजण वर सरकेना. चिखलानं पाय फुगला असन, म्हणाली. आनंदाबाईनं वाकून तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला अन् उचलला.

खळगा तसाच राहिला.